केळ्यातला डीएनए आणि बेण्याची खरी जात



मे महिन्यात आपल्या एका गटात ऊस विकास सभा झाली. आडसाली लागणीचे नियोजन आणि बेणे नोंदणी हे विषय होते. सभा संपत आली असता मागच्या रांगेतील एक वयोवृद्ध सभासद उठून उभे राहिले. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या हातात रोपे विकणाऱ्या कोणा व्यापाऱ्याचे रंगीत पत्रक होते. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, "डीएनए तपासणी केलेली ऊस रोपे". आबांनी विचारले, "साहेब, ह्यो गडी रोपामागं रुपया जादा मागतोय. डीएनए म्हंजी नेमकं काय? डोळ्याला दिसतं, का नुसतं छापायचं असतं?"

कृषी पदविकेला असताना पाठ केलेली व्याख्या मी सांगून टाकली. पेशीच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्य, वगैरे. आबा म्हणाले, "ते झालं. पण मी रोपं घेऊ का नको?" यावर मला धड उत्तर देता येईना. "चौकशी करून सांगतो," म्हणून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चौकशीचे उत्तर आहे.

बदलापूरच्या स्वयंपाकघरात

माझी धाकटी बहीण बदलापूरला दिली आहे. जून महिन्यात दोन दिवसांची रजा काढून तिच्याकडे गेलो. पुण्याहून गाडीने कल्याण आणि तेथून कर्जतकडील लोकल. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मग बदलापूर. या भागात ऊस नाही. पण बदलापूरचे जांभूळ प्रसिद्ध असून त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. घरी पोचलो तो भाची नववीच्या विज्ञान मंडळासाठी प्रयोगाची तयारी करीत होती. प्रयोग कसला, तर केळ्यातून डीएनए वेगळा काढून दाखवायचा! मी मनात म्हटले, आबांचा प्रश्न येथेच सुटणार.

भाचीला निमुळत्या काचेच्या नळ्या हव्या होत्या म्हणून आम्ही उल्हासनगरच्या बाजारात गेलो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचे हे गाव. १९४९ साली त्याचे उल्हासनगर असे नामकरण झाले. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी कष्टाने केवढा व्यापार उभा केला, हे पाहण्यासारखे आहे. तेथील मालावरच्या 'मेड इन यूएसए' या छापाचा जुना विनोद आपणां सर्वांना ठाऊक आहे. यूएसए म्हणजे अमेरिका नव्हे, उल्हासनगर सिंधी असोसिएशन! दुकानदाराने स्वतःच तो विनोद आम्हाला हसत हसत सांगितला. मी हसलो, पण डोळ्यांपुढे आबांचे पत्रक आले. छाप एक आणि आतला माल दुसरा, हे बेण्याच्या धंद्यातही घडते. तेथे मात्र हसून भागत नाही, अठरा महिने भोगावे लागते.

साहित्य व कृती

हा प्रयोग कोणाच्याही घरी होऊ शकतो. साहित्य असे :

१) चांगले पिकलेले अर्धे केळे.
२) अर्धा कप पाणी व अर्धा चमचा मीठ.
३) भांडी घासण्याचा पातळ साबण, एक चमचा.
४) औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट, पाऊण कप. ते झाकण घट्ट लावून आदल्या रात्री फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे.
५) पातळ स्वच्छ फडके, काचेचा निमुळता ग्लास व उदबत्तीची काडी.

केळे पिशवीत घालून हाताने चांगले कुस्करावे. मीठ विरघळवलेले पाणी त्यात घालावे. नंतर साबण घालून हलक्या हाताने ढवळावे, फेस येऊ देऊ नये. दहा मिनिटे तसेच ठेवून फडक्यातून गाळून घ्यावे. हे गाळलेले पाणी ग्लासात पाव भागापर्यंत भरावे. आता ग्लास तिरपा धरून थंड स्पिरिट ग्लासाच्या कडेने अगदी सावकाश सोडावे. ते पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते. साधारण तेवढेच स्पिरिट सोडावे आणि ग्लास न हलवता ठेवून द्यावा. पाच-दहा मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरा, कापसासारखा तंतू गोळा होऊ लागतो. काडीने तो अलगद गुंडाळून बाहेर काढता येतो.

सूचना : स्पिरिट पेट घेणारे आहे. प्रयोगाच्या वेळी गॅस, चूल, देवापुढील दिवा विझवावा. त्यात विषारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात, म्हणून ते किंवा प्रयोगातले केळे तोंडात घालू नये. मुलांनी मोठ्या माणसासमोरच हा प्रयोग करावा. स्पिरिटऐवजी देशी दारू चालेल काय, असे एका सभासदाने मला नंतर विचारले. चालत नाही. तिच्यात पाणी फार असते, धागा नीट बसत नाही. तिचे इतर तोटे मी येथे सांगत बसत नाही.

आमचा पहिला प्रयत्न फसला, हेही सांगितले पाहिजे. स्पिरिट पुरते थंड झाले नव्हते आणि मी घाईने भसकन ओतले. सगळे एकजीव होऊन गढूळ पाणी तेवढे झाले. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही उसाला पाणी सोडता तसं सोडलंत!" दुसऱ्या खेपेस तिने स्वतः ओतले आणि धागे आले.

असे का होते?

केळे असो, ऊस असो की माणूस असो, प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो. पेशीभोवती आवरण आणि तिच्या आत केंद्रक. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून आणखी एक कडक भिंत असते. पिकलेल्या केळ्यात ही भिंत आधीच मऊ झालेली असते, म्हणून प्रयोगाला केळे सोयीचे. कुस्करल्याने राहिलेली भिंत फुटते. पेशीचे व केंद्रकाचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते. तुपाचे भांडे साबणाने जसे सुटते, तसे ते आवरण साबणाने विरघळते आणि आतला डीएनए पाण्यात मोकळा होतो.

डीएनएच्या धाग्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे धागे एकमेकांना दूर लोटतात. मिठातील सोडियम तो भार झाकते व धागे जवळ येऊ शकतात. डीएनए पाण्यात विरघळतो, पण स्पिरिटमध्ये विरघळत नाही. म्हणून दोहोंच्या सीमेवर तो बाहेर पडतो. थंडीमुळे हे काम चांगले होते आणि डीएनए तोडणारे पेशीतील पाचक रसही मंदावतात. जोराने ढवळले तर लांब धागे तुटतात, म्हणून हलका हात हवा.

आपणां कारखानदारीतल्या लोकांना यात आपुलकी वाटावी अशी एक गोष्ट आहे. आपल्याकडे स्पिरिट उसाच्या मळीपासूनही बनते. २०२० साली करोनाच्या साथीत अनेक साखर कारखान्यांच्या आसवनींनी सॅनिटायझर बनवून दिले होते, ते याच जोरावर. म्हणजे केळ्याचा डीएनए काढायला बदलापूरच्या घरातही ऊसच कामाला आला म्हणायचा!

हा शोध मात्र जुना आहे. १८६९ साली फ्रीडरिश मीशर या स्विस शास्त्रज्ञाने जर्मनीतील ट्युबिंगेन येथे, इस्पितळातून आणलेल्या जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून हे द्रव्य प्रथम वेगळे काढले. त्याचा उपयोग काय, हे त्याला माहीत नव्हते. त्याची दुहेरी वळ्याच्या दोरासारखी रचना १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी मांडली. त्यासाठी रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार झाला. या दोरावर चार अक्षरांचा मजकूर असतो : ए, टी, जी आणि सी. ही अक्षरे पेशी कशी वाचते, हे उलगडण्यात आपले हरगोविंद खुराना यांचा वाटा होता. त्याबद्दल त्यांना १९६८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ग्लासात काय दिसत नाही?

आता मुद्द्यावर येतो. एका डीएनए धाग्याची जाडी मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाइतकी असते. म्हणजे काडीला लागलेला तो पांढरा पुंजका एक धागा नव्हे, असंख्य पेशींतील धाग्यांचा गुंता असतो. आणि तो शुद्धही नसतो. त्यात केळ्यातील चिकट द्रव्ये व प्रथिने मिसळलेली असतात.

याची खात्री आम्ही करून घेतली. घरात जांभळे होती, म्हणून त्यांवर तोच प्रयोग केला. पाणी जांभळेकाळे झाले, धागे असे काही दिसेनात. जांभळाला तुरटपणा आणणारी द्रव्ये डीएनएला चिकटून त्याला काळवंडतात आणि काम बिघडवतात. मग रसवंतीवरून उसाचा रस आणला. त्यात स्पिरिट सोडताच पांढरा धूसर थर आला. मी आनंदाने ओरडलो, "उसाचा डीएनए!" परत आल्यावर आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतील केमिस्टना सांगितले, तर ते हसले. रसातील डिंकासारखे पदार्थही स्पिरिटमध्ये साकळतात. शिळ्या उसात तयार होणारे डेक्स्ट्रान ओळखण्याची एक चाचणी तर याच तत्त्वावर चालते. तेव्हा पांढरे दिसले म्हणजे डीएनए असेलच असे नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. समजा धागा खराखुरा डीएनएचाच आहे. तरी केळ्याचा धागा, उसाचा धागा आणि माणसाचा धागा ग्लासात सारखेच दिसतात. पांढरे आणि चिकट. को ८६०३२ चा कोणता आणि फुले २६५ चा कोणता, हे त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. जात ठरते ती धाग्यावरील अक्षरांच्या क्रमाने, आणि तो क्रम नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

प्रयोग झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही अंबरनाथचे शिवमंदिर पाहिले. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, असे लोक सांगतात. देऊळ खरोखर कधीचे, हे तेथील शिलालेख वाचल्यावर कळले : शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहारांचा काळ. नुसता काळा दगड पाहून ते कळले नसते. डीएनएचेही तसेच आहे. दगड दिसणे वेगळे आणि लेख वाचणे वेगळे.

लेख वाचण्याचे काम प्रयोगशाळेचे

परत आल्यावर मी उसाच्या पोंग्यातील कोवळी पाने खलबत्त्यात कुटून हाच प्रयोग केला. बारीक, मळकट असे चार तंतू मिळाले. प्रयोगशाळेतही नमुना म्हणून पोंग्यातील कोवळी पानेच घेतात. पण ती उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून दळतात व विशिष्ट रसायनांनी डीएनए स्वच्छ करतात. नंतर त्यातील नेमके तुकडे यंत्रात लाखो पटींनी वाढवून जातीच्या खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहतात.

उसाचा लेख फार मोठा आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, खाण्याच्या केळ्यात बहुधा ३३, तर आजच्या लागवडीच्या उसात १०० ते १३० असतात. याचे कारण उसाच्या घराण्यात आहे. १९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तेथे बार्बर व वेंकटरामन यांनी गोड, जाड उसाचा संकर नदीकाठी पांढऱ्या तुऱ्याने डोलणाऱ्या रानगवताशी केला. त्यातून निघालेली को २०५ ही जात १९१८ साली शेतकऱ्यांना मिळाली. गोडी एका घराण्याची आणि काटकपणा दुसऱ्याचा. आपल्या जुन्या मंडळींच्या को ४१९ व को ७४० या जाती आणि १९९६ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेली को ८६०३२, म्हणजे 'नीरा', या सर्व संकराच्याच वाटेने आलेल्या आहेत. रियुनियन बेटावरील आर ५७० या जातीच्या डीएनएचा सविस्तर आराखडा २०२४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या आराखड्यानंतर दोन दशके उलटून गेली होती.

"वाण खालावलं" म्हणजे काय?

आपण ऊस लावतो तो कांडीने, बियाने नव्हे. कांडीवरील प्रत्येक डोळ्यात मूळ उसाचाच डीएनए असतो. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या जातीची कांडी दहा हातांतून आपल्याकडे आली, तरी तिच्यातील मजकूर तोच राहतो. किरकोळ बदल फार क्वचित होतो. मग दहा वर्षांनी शेतकरी "वाण खालावलं" असे म्हणतात, ते खोटे काय? खोटे नाही, पण कारण वेगळे आहे. बेण्याबरोबर रोग पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो आणि इतर जातींची भेसळ वाढत जाते. गवताळ वाढीचा रोगजंतू असाच बेण्यातून येतो. तो इतका सूक्ष्म असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकातून ओळखू येत नाही. प्रयोगशाळेत त्या जंतूचाच डीएनए शोधून रोग पक्का करतात. लागणीच्या वेळी ठणठणीत वाटणारी कांडी आतून रोगट असू शकते, ती अशी.

येथे मला माझी एक चूक कबूल करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी बेण्याची टंचाई होती. बाहेरगावच्या एका प्लॉटचे बेणे दोन सभासदांनी नव्या जातीचे म्हणून आणावयाचे ठरवले. मी बांधावरूनच प्लॉट पाहिला, पावती पाहिली आणि "चालेल" म्हणालो. आत शिरलो नाही. उगवण झाल्यावर तीन प्रकारचा ऊस दिसू लागला. पुढे खोडव्यात गवताळ वाढीची बेटे इतकी निघाली, की एकाला खोडवा मोडावा लागला. सोसायटीचे कर्ज त्याच उसावर होते. त्या सभासदाने मला एका शब्दाने दोष दिला नाही; पण त्याच्या बांधावरून जाताना आजही माझी मान खाली जाते. छापावर विश्वास ठेवण्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

सभासदांनी काय करावे?

"डीएनए तपासणी केलेले" असे कोणी म्हटल्यास भुलू नये आणि घाबरूही नये. पुढील प्रश्न विचारावेत :

१) तपासणी कशाची? जातीची की रोगाची? या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. एकीचा दाखला दुसरीला चालत नाही. रोगाची असल्यास कोणकोणत्या रोगांची?
२) कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या तारखेस? लेखी अहवाल दाखवा.
३) नमुना कोणत्या प्लॉटचा किंवा रोपांच्या कोणत्या तुकडीचा, आणि किती झाडांचा?
४) मातृबेणे कोठून आणले?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका पोंग्यावरून बेण्याच्या ट्रॉलीची होत नाही. अहवाल खरा असला, तरी तो तपासलेल्या पानापुरताच खरा असतो. उरलेल्या उसाची जबाबदारी आपल्या डोळ्यांची.

तेव्हा बेणे घेण्यापूर्वी प्लॉटमध्ये आत शिरून चार ठिकाणी पाहावे. कांड्याचा रंग व आकार, डोळ्याची ठेवण, पानाच्या देठावरील कूस सगळीकडे सारखी आहे काय, गवताळ बेटे वा काणीचे चाबूक दिसतात काय, आणि ऊस चिरल्यावर आत लाल रेषा दिसते काय, हे तपासावे. बेणे ९ ते ११ महिने वयाचे असावे. खोडव्याचे बेणे वापरू नये. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. ५४ अंश सेल्सिअस तापमानास १५० मिनिटे उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून वाढवलेले पायाभूत व प्रमाणित बेणे घ्यावे. ऊती संवर्धित रोपांचाही मार्ग चांगला आहे. ऊती संवर्धन म्हणजे जनुकात फेरफार, असा काहींचा गैरसमज आहे. तसे नाही; मूळ जातीचीच ती रोपे असतात. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ साली सहकारातूनच उभी राहिलेली आपली संस्था आहे. अशा खात्रीच्या ठिकाणाहून किंवा आपल्या कारखान्याच्या बेणे मळ्यातून बेणे घेण्यास गट ऑफिसमध्ये वेळेवर नोंद करावी.

जुलैमध्ये मी आबांच्या गटात पुन्हा गेलो. गट ऑफिसच्या टेबलावर त्यांच्यासमोर केळ्याचा प्रयोग केला. आबांनी चष्मा वर करून काडीवरचा पुंजका बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "एवढुशा दोऱ्यात एवढा मोठा ऊस मावतो व्हय!" मग ते प्रश्न मी त्यांना कागदावर लिहून दिले. त्यांनी ते व्यापाऱ्याला विचारले. अहवाल आणून दाखवतो, असे सांगून तो गेला आहे. हे लिहीपर्यंत परत आलेला नाही. आबांनी दोन एकरांचे बेणे आपल्या मळ्यातून नोंदवले आहे.

घरातील शाळकरी मुलांना हा प्रयोग जरूर करू द्यावा आणि आपणही शेजारी बसून पाहावा. मात्र बेणे उचलण्यापूर्वी मला किंवा आपल्या गटाच्या कृषी सहायकास प्लॉटवर बोलवावे. बांधावर उभा राहून "चालेल" असे मी आता म्हणणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी